परतावा

सरकारच्या तिजोरींत एकदां गेलेला पैसा पुन्हां घरीं येतो, या गोष्टीवर आमच्या वडिलांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाहीं. ते शाळामास्तर होते आणि त्यांचा पगार आयुष्यभर कराच्या उंबरठ्याशीं येऊन अदबीनें बाहेरच थांबला. त्यामुळें हा अविश्वास त्यांना फुकटांत बाळगतां आला. पुढें आम्ही कॉलेजांत प्राध्यापक झालों, एकामागून एक वेतन-आयोग आले, आणि तो उंबरठा ओलांडून आम्ही आंत केव्हां गेलों हें आमचें आम्हांसही कळलें नाहीं. तेव्हांपासून दरसाल आमच्या पगारांतून कर कापला जातो आणि दरसाल आम्ही त्याबद्दल कुरकुर करतों. ही कुरकुर मध्यमवर्गीय सुशिक्षिताचा एक नित्यनेमच होऊन बसली आहे. परंतु २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत एके सकाळीं, पहिल्या तासाला निघण्यापूर्वीं चहा घेत असतां, आमच्या मोबाइलवर बँकेचा निरोप आला कीं, आपल्या खात्यांत ६४,२७२ रुपये जमा झाले आहेत. वडील असते तर त्यांनीं हा निरोप तत्काळ खोटा ठरविला असता. आम्हींही तेंच केलें. कारण हल्लीं असल्या निरोपांत निम्मे लबाडांचेच असतात. दुपारीं बँकेंत जाऊन पासबुक भरून आणलें, तेव्हां कोठें आमची खात्री पटली.

ही रक्कम कोठून आली, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. दरवर्षीं जानेवारींत कॉलेजचें कार्यालय प्राध्यापकांकडून बचतीचे आणि खर्चाचे पुरावे मागतें. विम्याच्या पावत्या, भविष्यनिर्वाहाच्या ठेवीची नोंद, आईबापांच्या औषधपाण्याचीं बिलें असें जें जें करांतून सुटण्यासारखें असेल तें तें त्या मुदतींत सादर करावयाचें. न केल्यास फेब्रुवारीच्या पगारांतून सगळा कर एकदम कापला जातो. त्या वर्षीं त्या मुदतींत आमची आई अंथरुणावर होती आणि आमचें लक्ष कोणत्याच मुदतीकडे नव्हतें. पुरावे राहून गेले व कर कापला गेला. पुढें जुलैंत विवरणपत्र भरतांना आम्हीं बचतीचे दीड लाख आणि आईच्या दुखण्याचे पन्नास हजार, मिळून दोन लाख, वजा करून मागितले. आमच्या प्राप्तीचा वरचा थर तीस टक्क्यांत मोडतो आणि त्यावर चार टक्के उपकर. तेव्हां जास्त गेलेली रक्कम ६२,४०० झाली. बंगळूरच्या कार्यालयानें ती मान्य केली आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या सहा महिन्यांचें, दरमहा अर्धा टक्का या दरानें, १,८७२ रुपये व्याजही जोडून दिलें. कालिदासाचा दिलीप राजा प्रजेकडून कर घेई तो सूर्य पाणी शोषतो तसा, हजार पटींनीं परत देण्यासाठीं. आमच्या सरकारचा दर त्या मानानें बेताचा आहे. शिवाय या व्याजावर पुढील वर्षीं पुन्हां कर भरावा लागतो, ही सोय सूर्याला सुचली नव्हती.

या देशांत प्राप्तीवरील कर प्रथम आणला तो जेम्स विल्सन या गृहस्थानें. टोप्यांच्या धंद्यांतून वर आलेल्या या माणसानें १८४३ सालीं 'इकॉनॉमिस्ट' हें साप्ताहिक काढलें होतें. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठीं त्याला विलायतेहून मुद्दाम पाठविण्यांत आलें. १८६० च्या जुलैच्या २४ तारखेस त्याचा कायदा मंजूर झाला आणि ऑगस्टांत तो कलकत्त्यास आमांशानें वारला. आपल्या कराचा पैसा तिजोरींत आलेला पाहणेंही ज्याच्या नशिबीं फारसें नव्हतें, त्याला तो बाहेर जातांना कोठून दिसणार?

असो. पैसे आले, आणि ते आल्याची बातमी चहाचा कप खालीं ठेवण्यापूर्वींच घरांत सर्वतोमुखीं झाली. पगाराचे पैसे येतात तेव्हां आमच्या घरीं कोणी सभा भरवीत नाहीं. ते येतात तेच मुळीं वाटा ठरवून; दूधवाला, किराणा, विजेचें बिल, मुलाची फी असे त्यांचे धनी आधींच दारांत उभे असतात. परंतु हे ६४,२७२ रुपये बिनवारसा होते. अर्थशास्त्र शिकविणारे आमचे एक सहकारी आहेत, त्यांना आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्यांनीं रिचर्ड थेलर या अमेरिकन पंडिताचा दाखला दिला. थेलरसाहेबांना २०१७ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्यांच्या शोधांपैकीं एक असा कीं, पैसा एकच असला तरी माणूस मनांत त्याचे निरनिराळे डबे करतो. पगाराच्या डब्यांतला रुपया तो जपून काढतो, लाभाच्या डब्यांतला उधळतो. आणि आपलाच पैसा आडवाटेनें परत आला तर त्याला लाभाच्या डब्यांत टाकतो. "म्हणजे हे पैसे तुमचेच आहेत, हें तुम्ही विसरलांत," असें सांगून सहकारी तासाला निघून गेले. विसरलों होतों हें खरें. पण तें आम्ही एकटेच विसरलों होतों असें नव्हे.

पुण्यास इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनीं त्याच रात्रीं फोन करून आपला लॅपटॉप किती जुना झाला आहे याचें हृदयद्रावक वर्णन केलें. कन्या सासरीं असते. तिनें व्हिडिओवर दर्शन देऊन दरमहा थोडे थोडे पैसे म्युच्युअल फंडांत घालण्याचा सल्ला दिला आणि वीस वर्षांनीं त्याचे किती होतील तो आंकडाही सांगितला. वीस वर्षांनीं आमचें काय होईल तें तिनें सांगितलें नाहीं. बँकेंतून निवृत्त झालेले आमचे मेहुणे ठेवीच्या पक्षाचे. ठेवीपलीकडे मोक्ष नाहीं असें त्यांचें मत आहे. सौभाग्यवती कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त मोरींतलें कपडे धुण्याचें यंत्र चालू केलें. तें यंत्र अलीकडे पिळण्याच्या वेळीं असा कांहीं आक्रोश करतें कीं, त्यापुढें इतर कोणाचा युक्तिवाद ऐकूं येत नाहीं.

आमच्या स्वतःच्या मनांत काय होतें, तेंही प्रांजळपणें सांगून टाकतों. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे, १९८९ सालच्या आवृत्तीचे, वीस खंड एकत्र आपल्या घरीं असावेत अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. हाच कोश आतां संगणकावर घरबसल्या पाहतां येतो, हें आम्हांस ठाऊक आहे. आणि वीस खंड ठेवावयाचे तर निदान एका माणसानें घर सोडावें लागेल, हेंही ठाऊक आहे. तरी त्या रात्रीं आम्हीं टेप घेऊन भिंतीवरची जागा मोजलीच.

दोन दिवसांनीं, कोणाच्या तरी एकाच्या पारड्यांत निकाल टाकावा म्हणून, आम्ही रात्रीं कागद काढून बसलों. प्राध्यापकी संवयीनें आम्हीं प्रथम हा पैसा कोणत्या बाबींतून किती आला त्याची फोड केली. बचतीच्या दीड लाखांपोटीं ४६,८०० आणि आईच्या पन्नास हजारांपोटीं १५,६००. आईच्या बिलांची फाईल उघडावी लागली. सात महिन्यांत ती आम्हीं फक्त एकदांच, विवरणपत्राच्या वेळीं, तीही घाईंत उघडली होती.

२०२३ च्या सप्टेंबरांत आईला पक्षाघाताचा झटका आला. डावें अंग गेलें, जीभ जड झाली. उजवा हात मात्र शाबूत राहिला. वयोवृद्ध आईबापांचा विमा नसेल तर त्यांच्या दुखण्याचा खर्च करांतून वजा मिळतो; पण पन्नास हजारांपर्यंतच, त्यापुढचें दुखणें कायद्याच्या लेखीं हौस म्हणावयाची. आणि दुसरी अट अशी कीं, पैसे रोखीनें दिलेले नसावेत. दवाखान्याचीं बिलें आम्हीं कार्डानें भरलीं होतीं, तपासणीचीं व औषधांचीं मोबाइलवरून. फाईलींत तीं तारीखवार लावलेलीं होतीं. पानें उलटतां उलटतां आमच्या ध्यानांत आलें कीं, या साऱ्या फाईलींत आईजवळ रात्रंदिवस जी एक व्यक्ति होती, तिच्या नांवाचा एकही कागद नाहीं.

मावशी घटस्थापनेच्या दिवशीं, १५ ऑक्टोबरला, आमच्याकडे आल्या. महिना पंधरा हजार ठरले, आणि त्यांच्या आग्रहामुळें रोख. ठरवितांना त्यांनीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: "सर, मी महिन्याच्या बोलीवर येते. एक घर सोडून येते, तवा महिना भरल्याशिवाय मोडायचं न्हाई." आम्हीं मान डोलावली होती. पुढें चार महिने त्यांनीं काय केलें तें लिहूं गेल्यास तें सारें अगदीं साधें दिसेल: दर दोन तासांनीं कूस बदलावयाची, पेज भरवावयाची, अंग पुसावयाचें, केस विंचरावयाचे. एक गोष्ट मात्र साधी नव्हती. आईचें बोलणें त्यांना समजत असे. आम्ही तीस वर्षें भाषा शिकवीत आलों, पण आईच्या तोंडून अर्धवट फुटणारा शब्द ऐकून आम्ही नुसते वांकून "काय? काय?" असें विचारीत राहूं, आणि मावशी स्वयंपाकघरांतून ओरडून सांगत, "खिडकी लावा म्हणत्यात." आणि तें तसेंच असे.

आई गेली ९ फेब्रुवारीस. दिवस झाल्यावर मावशी पैशांसाठीं आल्या. आम्हीं कॅल्क्युलेटर घेतला. पंधरा हजार भागिले तीस, गुणिले नऊ. साडेचार हजार. सौभाग्यवतींनीं दारांतून एकदां आमच्याकडे पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला होता आणि आम्हीं तो कळूं दिला नाहीं. हिशेब तो हिशेब, असें कांहींसें आमच्या मनांत होतें. आणि त्या पंधरवड्यांत आमच्या हातून दवाखान्याचे इतके पैसे गेले होते कीं, जेथें म्हणून हात आंखडतां येईल तेथें तो आपोआप आंखडत होता. मावशींनीं पैसे न मोजतां कनवटीला लावले, आईच्या फोटोस नमस्कार केला आणि त्या गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या पगारांतून कर कापला गेला, तेव्हां मात्र आम्ही प्राध्यापकांच्या खोलींत अर्धा तास बोललों. माणसाच्या घरीं काय प्रसंग आहे तें न पाहतां एका फटक्यांत एवढे पैसे कापावे, ही काय रीत झाली, असा आमच्या बोलण्याचा मथितार्थ होता. सर्वांना तो पटला होता.

फाईल मिटून आम्हीं कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. बोली महिन्याची, म्हणजे देणें पंधरा हजार, दिले साडेचार, राहिले साडेदहा. सरकारी दरानें मार्चपासून सात महिन्यांचें व्याज ३६७ रुपये ५० पैसे. आम्हीं तो कागद सौभाग्यवतींपुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला, व्याजाच्या ओळीपाशीं त्यांना हसूं आलें, आणि त्या म्हणाल्या, "अकरा हजार करा. पन्नास पैसे कोठून आणणार आहांत?" इतर कांहीं त्या बोलल्या नाहींत. फेब्रुवारींतल्या त्या पाहण्याचा उल्लेखही त्यांनीं केला नाहीं, हें आम्हांस जरा जडच गेलें.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं संध्याकाळीं आम्ही पाकीट घेऊन निघालों. मावशी सांगलीवाडीस राहतात. आयर्विन पुलावरून चालत जातांना खालीं कृष्णा गढूळ व दुथडी वाहत होती. पलीकडे, खालच्या बाजूच्या घरांच्या भिंतींवर २०१९ च्या महापुराच्या पाण्याची रेघ अजून कोठें कोठें दिसते. मावशींच्या खोलीच्या भिंतीवर ती आमच्या डोक्याच्याही वर आहे. आम्हीं ती पाहतों आहों असें पाहून त्या म्हणाल्या, "तवा आजीला हीच रेघ सांगितली हुती. तर आजी म्हणाली, रंग देऊ नको, र्‍हाऊ दे." हें संभाषण आमच्याच घरांत, आमच्या पुढील खोलींत झालें असलें पाहिजे, आम्हांस त्याची वार्ताही नव्हती.

चहा झाला. हल्लीं विश्रामबागेंत एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे त्या जातात, असें कळलें. "आजी गेल्यावर लगेच लागलं का काम?" असें आम्हीं विचारलें. "कुठलं वो," त्या सहज म्हणाल्या, "पाडवा झाल्यावर लागलं." त्या वर्षीं पाडवा ९ एप्रिलला होता. म्हणजे बरोबर दोन महिने. आमच्या वीस दिवसांच्या हिशेबाचा कागद खिशांत होता. तो बाहेर काढण्याचा विचार आम्हीं सोडून दिला आणि नुसतें पाकीट पुढें केलें.

या खेपेस त्यांनीं पैसे मोजले. "हे पैसं कशाचं?" त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगूं लागलों. सरकारनें आमचा कर जास्त कापला होता, तो परत आला, त्यांत आईच्या दुखण्याचा भाग होता, आणि तुमचा महिना पुरा द्यावयाचा राहिला होता, म्हणून. शेक्सपिअरच्या शोकान्तिका आम्ही वर्गांत बऱ्यापैकीं समजावून देतों. पण हें समजावतांना आमची वाक्यें आईच्या वाक्यांसारखीं अर्धवट होऊं लागलीं. मावशींना तीं समजलीं. "महिन्याचं व्हय," त्या म्हणाल्या, आणि पैसे त्यांनीं फडताळांत ठेवले. मग त्यांतलीच पांचशेंची एक नोट घेऊन त्या परत आल्या व ती त्यांनीं आमच्या हातावर ठेवली.

"आजीकडनं दिवाळीला दोन हजार उचल घेतली हुती. महिन्याला पांचशे देत हुते. तीन हप्तं दिलं. एक र्‍हायला हुता. तो आजी गेल्यावर कुणाकडं द्यायचा ते कळंना, म्हणून र्‍हायला."

आम्हीं नको म्हटलें. त्या घेईनात. शेवटीं नोट खिशांत घालून आम्ही पूल ओलांडून परत आलों.

आमच्या आईनें साठ वर्षें हिशेबाची वही लिहिली. कोथिंबिरीच्या जुडीपासून मुलीच्या लग्नापर्यंत तिच्या वहींत सांपडणार नाहीं असा खर्च नाहीं, आणि झटका आल्यावरही ती उजव्या हातानें, ओळ सोडून उतरत जाणाऱ्या अक्षरांत, रोजचें लिहीत होती. कुटुंबनिवृत्तीवेतनाचे आपले थोडे पैसे ती उशाशीं एका डब्यांत ठेवी. घरीं आल्यावर आम्हीं वही काढली. उसने दिलेल्या पैशांपुढें ती 'उसने' असें लिहून खालीं रेघ ओढी, आणि परत आले कीं त्यावर काट मारी. या नियमांत तिनें सख्ख्या भावालाही सवलत दिलेली नव्हती. २०२३ च्या दिवाळीच्या पानावर उटणें होतें, पणत्या होत्या, आणि त्यांच्या खालीं नुसतें 'मावशी, दिवाळी, २,०००' असें होतें. 'उसने' हा शब्द नव्हता. रेघ नव्हती. पुढील तीन महिन्यांच्या पानांवर पांचशें रुपये जमा झाल्याची नोंदही कोठें नव्हती.

तेव्हां सौभाग्यवतींना आठवलें. आईच्या डब्यांत, इतर पैशांपासून निराळ्या, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटांत घडी घातलेल्या पांचशेंच्या तीन नोटा निघाल्या होत्या. आईनें त्या कशासाठीं बाजूला ठेवल्या असतील याचा तेव्हां कोणास उलगडा झाला नव्हता. आणि दिवसकार्याच्या खर्चांत आम्हीं त्या खर्चून टाकल्या होत्या.

परताव्याचें पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. कपडे धुण्याचें नवें यंत्र आलें आणि तें अगदीं मुक्यानें काम करतें. उरलेल्यांतून लॅपटॉपला हातभार लागला. मेहुणे नाराज आहेत. कोशाची जागा भिंतीवर मोजलेली तशीच आहे. मावशींनीं दिलेली नोट सौभाग्यवतींनीं त्याच लग्नपत्रिकेच्या पाकिटांत घातली, आणि तिच्यावर परताव्यांतल्या तीन नोटा ठेवून पाकीट आईच्या वहींत त्या दिवाळीच्या पानावर ठेवलें. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. ते दोन हजार मावशींकडे घेऊन जावयाचे, एवढें आमच्या घरांत एकमतानें ठरलें आहे. पण काय म्हणून दिले असतां त्या ते घेतील, यावर रोज रात्रीं जेवतांना बोलणें होतें आणि अद्याप कांहीं ठरलेलें नाहीं.